सहा महिन्यांच्या मुलीची खेळणी: कुठली हातात द्यायची, कुठली माळ्यावर टाकायची?

ठाण्याचा_बाबा

मंडळी नमस्कार. मुलगी परवा सहा महिन्यांची झाली. आधाराने बसते, पालथी पडून पोटावर गोल फिरते आणि हाताला लागेल ते थेट तोंडात. बारशापासून खेळण्यांचा ढीग साचलाय आणि त्यावरून घरात सरळ दोन पक्ष पडलेत.

सासूबाई कुडाळच्या. त्यांनी सावंतवाडीहून लाकडी फळांची परडी आणि पांगुळगाडा आणलाय. प्लॅस्टिक म्हणजे विष, हे त्यांचं ठाम मत. माझे बाबा म्हणतात, लाकडाचा रंग पोटात जाईल, त्यापेक्षा चांगल्या कंपनीचं प्लॅस्टिक बरं. त्यांनी गाणी म्हणणारा, दिवे लागणारा वॉकर आणलाय. शिवाय मामाने दिलेला चांदीचा खुळखुळा, आतेबहिणीचा वाजणारा खेळण्यातला मोबाइल, ऑफिसवाल्यांनी दिलेलं तिच्याहून मोठं अस्वल, दाबलं की चूं चूं करणारी रबरी बदकं आणि पाळण्यावर आजेसासूबाईंच्या हातचं कापडी चिमणाळं. बायकोला इन्स्टावर दिसलेली काळ्यापांढऱ्या चित्रांची कार्डं मागवायची आहेत, ‘मेंदूच्या वाढीसाठी’. किंमत बाराशे.

लाकूड की प्लॅस्टिक, ते एकदा सांगून टाका. यातलं ठेवू काय? आणि मेंदूबिंदूसाठी खरंच काही वेगळं घ्यावं लागतं का? संक्रांतीला बोरन्हाण आहे, म्हणजे ढिगात भर पडणारच.

महाद्वारकर

बाबा, तुमची यादी वाचली आणि दुकानात बसल्यासारखं वाटलं. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या बाजूला आमचं खेळण्यांचं दुकान आहे. वडिलांनी चालू केलं, आता मुलगा बघतो, मी गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाचं डोकं खातो. तेव्हा जरा लांबेल, सांभाळून घ्या.

लाकूड की प्लॅस्टिक हे भांडण आधी मिटवा. सासूबाईही बरोबर नाहीत आणि तुमचे बाबाही नाहीत. सहा महिन्यांच्या पोराच्या खेळण्यात एकच बघायचं: ओढून, चावून, आपटून, लाळेत भिजवून त्यातून काय सुटून येतं? तुकडा सुटतो, दोरा सुटतो, रंग सुटतो, सेल सुटतो. काहीच सुटत नसेल तर लाकूड काय, प्लॅस्टिक काय, घरातली स्टीलची वाटी काय, सगळं चालतं.

आता ती रबरी बदकं. एक उलटं करा. बुडाशी गोल भोक आणि त्यात बसवलेली पांढरी चकती दिसेल. चूं चूं आवाज तीच करते, आम्ही तिला शिट्टी म्हणतो. किलोवर येणाऱ्या मालात ती नुसती दाबून बसवलेली असते. नखाने कड उचलून बघा. हलली तर बदक कचऱ्यात, कारण ती शिट्टी बरोब्बर पोराच्या घशाच्या मापाची असते. मी नवीन माल आला की गिऱ्हाइकासमोरच नख लावतो. मुलगा वैतागतो, ‘अण्णा, माल फोडून दाखवायचा की विकायचा?’ शिट्टी पक्की असली तरी त्या भोकातून आंघोळीचं पाणी आत जातं आणि आत काळी बुरशी धरते. एखादं कापून बघा, पुन्हा पोराच्या तोंडात द्यायचं मन होणार नाही. भोक नसलेली, पूर्ण बंद बदकं मिळतात, ती घ्या.

मापाचं म्हणाल तर तपासणीच्या प्रयोगशाळेत एक लहानसं नळकांडं असतं. तोंड ३१.७ मिलिमीटर रुंद, बूड तिरकं, खोली एका बाजूला २५ आणि दुसऱ्या बाजूला ५७ मिलिमीटरच्या आसपास. न दाबता जे त्यात पूर्ण मावलं ते तीन वर्षांखालच्या पोराच्या हातात द्यायचं नाही. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, म्हणजे त्याहून बोटाच्या पेराइतकंही मोठं नाही ते तोंड. घरी टॉयलेट पेपरची रिकामी नळी वापरा. ती जरा रुंद असते, ते आपल्या फायद्याचंच.

हीच नळी घेऊन सावंतवाडीच्या परडीकडे जा. चितारआळीची ती फळं मलाही फार आवडतात, दुकानात काचेत मांडलेली आहेत. आंबा, फणस, सीताफळ बघतच राहावं असं. पण ती शोभेची आहेत हो! रंग ब्रशने दिलेला, वरून चकाकी. चिकू, लिंबू, बोर, द्राक्ष यांतलं काही नळीतून सटकन खाली येईल. आणि देठ! देठ वेगळा खोचलेला असतो, तो चिमटीत धरून पिळला की कळतं. परडी काचेच्या कपाटात ठेवा आणि सासूबाईंना सांगा, नात तीन-चार वर्षांची झाली की भातुकलीला काढू. खोटं बोलताय असंही होणार नाही.

तोंडात घालायला लाकडीच द्यायचं असेल तर लाखेचं कातकाम बघा. आमच्याकडे कर्नाटकातल्या चन्नपट्टणचा माल येतो. तिथे परंपरेने आले मर म्हणजे आपल्याकडच्या काळ्या कुड्याचं लाकूड वापरतात, हलकं आणि बारीक पोताचं. लाकूड यंत्रावर गरागरा फिरत असतं, त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घासण्याच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते, मग केवड्याच्या जातीचं सुकं पान दाबून चकाकी आणतात. चांगल्या मालात रंगही हळद वगैरे वनस्पतींचे असतात. पण त्याच आकाराचा, साधा ऑइलपेंट मारलेला स्वस्त मालही त्याच नावावर खपतो. पांढरं फडकं ओलं करून खसाखसा घासा, रंग उतरला तर परत करा. मात्र फडकं कोरं राहिलं म्हणजे रंगात शिसं नाही असं समजू नका, शिसं डोळ्यांना दिसत नाही. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. म्हणून माळ्यावरचा पिवळाधमक जुना घोडा, ‘आमच्या बाबूचा होता हो’ म्हणून काढलेला, तो फोटोपुरता.

यासाठीच खोक्यावरचा शिक्का बघायचा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, परदेशी मालालाही. साध्या खेळण्यावर चिन्हाच्या डोक्यावर आयएस ९८७३, विजेच्या किंवा सेलच्या खेळण्यावर आयएस १५६४४, आणि चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो क्रमांक सरकारी मानक संस्थेच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की कंपनीचं नाव येतं. खोक्यावर एक नाव आणि ॲपवर भलतंच, तर ओळखा काय ते. नुसतं युरोपचं सीई चिन्ह छापलेलं असलं तर आपल्याकडे त्याला अर्थ नाही. हस्तकला आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकनाच्या खेळण्यांना या सक्तीतून सूट आहे. म्हणून लाकडी खेळण्यावर शिक्का दिसला नाही की लगेच दुकानदाराला चोर म्हणू नका. पण मग माल कुठला, कुणी केलाय, हे तोंडाने विचारा. ज्याला माहीत असतं तो न विचारताही सांगतो, माझ्यासारखा.

बाकीचं भराभर. चांदीच्या खुळखुळ्याचा डाक, म्हणजे जोडलेला सांधा, सोनाराला दाखवून घ्या, घुंगरं बाहेर लटकत असतील तर काढून टाका. काळ्या मण्यांच्या मनगट्या असतील तर त्याही, दोरा लाळेने कुजतो. अस्वल बसू दे कोपऱ्यात, झोपताना पाळण्यात नको. वर्षाच्या आतल्या पोराच्या अंथरुणात मऊ काहीच नको, उशीसुद्धा नाही. चिमणाळं आता उतरवा. पोर हातांवर रेटून छाती उचलायला लागलं की वरची झालर हाताला लागते, आणि लोंबता दोरा वीतभरापेक्षा लांब असूच नये.

वाजणाऱ्या मोबाइलबद्दल कुणी डॉक्टरकीतलं असेल तर त्यांनी सांगावं. आणि कार्डं घेऊ नका. कारण नंतर लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

जुनं_ते_सोनं

एवढी भीती घालायची गरज आहे का? आम्ही जत्रेतली पत्र्याची गाडी, पिपाणी, मातीचे बैल असल्यावरच वाढलो. कुणी शिक्का बघितला होता? आजकालचे आईबाप नळी घेऊन माप घेत बसतात.

महाद्वारकर

सोनंभाऊ, जत्रेतली पिपाणी मीपण फुंकलीय. पण ती आपण पाच वर्षांचे असताना. आणि तेव्हा घरात बटन सेल नव्हते.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे, सरकारी रुग्णालयात, बालरुग्ण विभागात. वर मोबाइलबद्दल विचारलंय त्यावर लिहिते, बाकी काकांनी छान सांगितलंय.

त्या मोबाइलचा सेल कुठला आहे ते आधी बघा. बोटाएवढे लांबट सेल असतील तर धोका कमी. चपटा, नाण्यासारखा असेल तर झाकणाला स्क्रू आहे का बघा. नुसत्या खटक्याचं झाकण असेल तर खेळणं घरात ठेवूच नका. आणि फक्त खेळणं नाही: गाडीच्या किल्लीचं रिमोट, वजनकाटा, गाणारं ग्रीटिंग कार्ड, एलईडीच्या पणत्या, सगळ्यांत तोच सेल असतो.

तो गिळला की विषबाधेपेक्षा मोठी गोष्ट घडते. २० मिलिमीटरचा लिथियमचा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतो, ओल्या आवरणाला लागून त्यातून वीज वाहते आणि तिथे क्षार तयार होऊन आतून भाजतं. दोन तासांत खोल जखम होऊ शकते. गिळताना कुणी पाहिलेलं नसतं. मूल लाळ गाळतं, खोकतं, दूध नाकारतं, लोक म्हणतात सर्दी झाली असेल. संशय आला तरी उलटी काढायला लावू नका, भात-केळं खायला देऊ नका, थेट एक्स-रे असलेल्या रुग्णालयात. एक्स-रेमध्ये नाणं एकाच कडेचं दिसतं, सेलला दुहेरी कडा दिसते. वर्षावरच्या मुलाला वाटेत थोडा थोडा मध चाटवायला हल्ली सांगतात. तुमची सहा महिन्यांची आहे, तिला मध अजिबात नाही, कुठल्याच कारणाने नाही. आजीच्या बाळगुटीतलाही नाही.

अजून दोन वस्तू घरात नकोत. एक, पाण्यात टाकले की फुगणारे रंगीत गोळे, फुलदाणीत सजावटीला टाकतात ते. कोरडे असताना साबुदाण्याएवढे, पोटात जाऊन फुगतात, आतडं अडवतात. दुसरी, छोटी ताकदवान लोहचुंबकं. एकापेक्षा जास्त गिळली तर आतड्याच्या दोन वेढ्यांतून एकमेकांना ओढतात आणि मधला भाग मरतो.

आणि बोरन्हाण! दर संक्रांतीला मला धडकी भरते. बोरं, उसाचे करवे, ओले हरभरे, शेंगदाणे, गोळ्या, चुरमुरे आणि डोक्यावरून पडणारं सगळं झेलायला तोंड उघडून बसलेलं बाळ. करा की हौस, पण तिला मांडीवर घ्या आणि तिच्यावरून फुलांच्या पाकळ्या टाका. बोरं-ऊस बाजूला बसलेल्या मोठ्या पोरांच्या डोक्यावर, वेचायला खरी मजा त्यांनाच येते. हलव्याचे दागिने फोटोपुरते, फोटो झाला की लगेच उतरवा. ते ओल्या हाताला चिकटतात आणि हलवा सुटतो. फुगे लावणार असाल तर फुटलेल्या फुग्याचा एकूण एक तुकडा लगेच उचला. तो श्वासनलिकेवर चिकटून बसतो, थापट्या मारून सहज निघत नाही.

थापट्यांवरून आठवलं. वर्षाच्या आतल्या बाळाच्या घशात अडकलं आणि आवाज फुटत नसेल, तर हातावर पालथं, डोकं खाली, पाठीवर दोन खवाट्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापट्या. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या हाडावर मध्यभागी एका तळहाताच्या टाचेने पाच दाब. पुन्हा थापट्या. दुसऱ्याने तोवर १०८ लावायचा. दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपू नका, वस्तू आत जाते. जवळच्या रुग्णालयात हे एकदा बाहुलीवर करून दाखवा म्हणावं. घरातल्या आजी-आजोबांनाही घेऊन जा, दिवसभर बाळ त्यांच्याकडेच असतं ना.

मिसिसागाची_माई

वॉकरवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. इथे कॅनडात बसून फिरायचे चाकांचे वॉकर २००४ पासून विकायला, आणायला, जाहिरात करायलाही बंदी आहे, जुनासुद्धा विकता येत नाही. कारण जिन्यावरून होणारे अपघात. शिवाय त्यात बसून मूल लवकर चालायला शिकत नाही, बोटांवर रेटत सुटतं. माझ्या सासूबाईंनी पुण्याहून येताना सामानात बांधला होता, फोनवर समजावता समजावता माझा घसा बसला. शेवटी तो पुण्यातच राहिला.

ठाण्याचा_बाबा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नळी घेऊन बसलो. बाबा आधी हसत होते, मग त्यांनीच मोबाइल उलटा करून झाकण नखाने उघडून दाखवलं. खटक्याचं होतं, गेला. एका बदकाची शिट्टी हातात आली. परडीतली चिमुकली बोरं आणि लिंबू नळीतून गेले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण परडी स्वतःच कपाटात ठेवली.

वॉकरचं बाबांना कसं सांगू ते सुचत नाही, चार हजारांचा आहे. पांगुळगाडा चालेल ना? आणि कार्डांचं अर्धवट राहिलंय, बायको रोज विचारते.

महाद्वारकर

वॉकरचं सोपं आहे. पावती असेल तर दुकानदाराकडे जा आणि बदलून मागा, चांगला दुकानदार बदलून देतो. बाबांना म्हणा, तुम्हीच निवडा दुसरं. नातीसाठी पैसे खर्चायचे असतात त्यांना, वॉकरवर त्यांचं काही प्रेम नाही.

पांगुळगाडा चालेल, पण आता नाही. त्यात पोराला बसवायचं नसतं, पोर स्वतः उभं राहून तो ढकलतं. म्हणजे धरून उठायला लागली, पावलं टाकायला लागली की काढा, साधारण वर्षाच्या आसपास. तोवर दोन गोष्टी बघून ठेवा. दांडा धरून मागे खेचा: गाडा पुढून उचलला गेला तर हलका आहे, पुढच्या बाजूला वजन बांधावं लागेल. आणि चाकाची खीळ बाहेर आलेली आहे का ते हाताने चाचपा, पायाला लागते. पॉलिशवर पाणी पाडू नका. ओल्या फडक्याने पुसायचं, लगेच कोरडं करायचं. लाखेच्या खेळण्यांनाही तेच, उकळत्या पाण्यात टाकलं तर रंगाची लापशी होईल.

आता कार्डं. तान्ह्या पोराला वीतभर, फार तर फूटभर अंतरावरचं जरा बरं दिसतं आणि ठळक काळंपांढरं डोळ्यांत भरतं, एवढं त्यात खरं आहे. पण ते पहिल्या दोन-तीन महिन्यांचं. तुमच्या मुलीला आता रंग दिसतात, खोलीच्या पलीकडच्या टोकाची आजी ओळखू येते. बाराशे रुपये देऊन तिला मागच्या इयत्तेचं पुस्तक कशाला आणताय?

सहाव्या महिन्यात पोराचं काम काय असतं ते बघा. या हातातलं त्या हातात घेणं, तोंडाने तपासणं, खाली टाकणं आणि कुणीतरी उचलून देईपर्यंत वाट बघणं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि त्याला दोन माणसं लागतात. माझी नात याच वयात होती तेव्हा दुकानातलं काय हवं ते उचलून आणायची मला मुभा होती. तिला आवडली घरातली दोन भांडी: एक स्टीलची वाटी आणि एक पितळेची लहान तपेली. वाटी तपेलीवर आपटली की एक आवाज, फरशीवर आपटली की दुसरा, गोधडीवर आपटली की काहीच नाही. त्या ‘काहीच नाही’ला ती थांबायची, वाटीकडे बघायची, परत आपटायची. बटण दाबलं की सतरा गाणी म्हणणारं खेळणं हे करू देत नाही, सगळं काम तेच करून मोकळं होतं. पोर नुसतं बघत बसतं.

तेव्हा आजेसासूबाईंच्या हाताला काम द्या. चिमणाळं उतरवलंच आहे तर त्यातले मणी, टिकल्या, आरसे उसवून बाजूला, आणि चिमण्यांचं कापड घेऊन एक चौकोनी पट्टी शिवून घ्या: एक तुकडा खणाचा, एक जुन्या सुती लुगड्याचा, एक टॉवेलचा, एक रेशमी. टाके बारीक आणि पक्के, कडेला दोरा सोडायचा नाही. पोटावर टाकल्यावर समोर अंथरायची. पोटावर मात्र रोज टाका, जागी असताना आणि कुणी जवळ असताना, थोडं थोडं करून दिवसात अर्धा तास तरी. मान, खांदे, पाठ सगळं त्यातून तयार होतं, आणि त्याला खेळणं फुकट: तुम्ही स्वतः समोर पालथे पडा.

आठव्या-नवव्या महिन्याला वाटीखाली चमचा लपवा. आज लपवलात तर ती विसरून दुसरीकडे बघेल, तेव्हा वाटी उचलून शोधेल. त्याच्या आधीपासून पदराआडून ‘भॉ’ चालू ठेवाच, सासूबाईंना सांगायला लागणार नाही. नंतर एकात एक बसणारे डबे, मोठा मऊ चेंडू, जाड पुठ्ठ्याची पुस्तकं. एका वेळी दोन-तीन वस्तू बाहेर, बाकी पिशवीत. आठवड्याने पिशवी बदला, पोराला सगळं नवीन वाटतं. हे मी दुकानदार असून सांगतोय, मुलाने वाचलं तर आयडी ब्लॉक करेल माझा.

चार हजारांच्या बदल्यात बाबांना लाखेचे चढत्या मापाचे गोल, जाड दांड्यावर बसवायचे ते घ्यायला सांगा. सगळ्यात वरचा लहान गोल मात्र आधी नळीतून बघून मग.

रात्रपाळी

काका, वाटी-चमच्यातला चमचा लांब दांड्याचा देऊ नका असंही लिहा. बसता बसता तोल जाऊन पडली तर तोंडात टाळूला लागतो.

महाद्वारकर

बरोबर. चमच्याऐवजी मग वरणाच्या वाटीखाली लहान वाटी. आणि काठ दुमडलेला हवा, कापरा नको.